मे महिन्यातला गारठा आणि टोमॅटोची कोवळी रोपं: पेरणीपासून पांघरुणापर्यंत

एप्रिलच्या मध्यावर शिकागोच्या उपनगरांत एखादा दिवस असा उगवतोच: लख्ख ऊन, पारा ७५ अंश फॅरनहाइटवर, शेजारीपाजारी अर्ध्या बाह्यांच्या कपड्यांत. पाडवा झाला की ऊन वाढतच जाणार, हे आपल्या अंगात लहानपणापासून मुरलेलं असतं. मग शनिवारी दुकानातून टोमॅटोची रोपं येतात, रविवारी वाफ्यात लागतात आणि बुधवारी पहाटे काळी पडतात. दरवर्षी ओळखीच्या घरांतून मला याच तक्रारीचे फोन येतात. कारण बहुतेक वेळा एकच निघतं: दिवस बघून लावणी केली, रात्र बघितलीच नाही.

खालचे टप्पे शिकागोच्या आसपासच्या हवेला धरून लिहिले आहेत. तुम्ही दुसरीकडे राहत असाल तर तारखा बदलतील, क्रम बदलणार नाही. टोरांटोकडे मेच्या उत्तरार्धातल्या व्हिक्टोरिया डेपर्यंत थांबण्याची रीत आहे. जर्मनीत ११ ते १५ मे हे ‘हिमसंतांचे’ दिवस उलटेपर्यंत जुनी माणसं टोमॅटो बाहेर लावत नाहीत. इथले अंदाज फॅरनहाइटमध्ये येतात म्हणून आकडेही त्यातच दिले आहेत, महत्त्वाच्या ठिकाणी सेल्सिअस जोडलं आहे.

टप्पा १: तारीख ठरवण्याआधी तीन आकडे लक्षात ठेवा

‘शेवटच्या फ्रॉस्टची सरासरी तारीख’ वाचून लोक त्याच दिवशी लावणी करतात. सरासरी म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. साधारण निम्म्या वर्षांत त्या तारखेनंतरही दव गोठतं. ती तारीख म्हणजे धोका अर्ध्यावर आल्याची खूण आहे, धोका टळल्याची नाही. शिवाय मिशिगन सरोवराच्या काठचा शहरी भाग आणि पश्चिमेकडची मोकळी उपनगरं यांच्या तारखांत बराच फरक पडतो. काँक्रीट आणि सरोवर यांच्यामुळे शहरातली रात्र फार उतरत नाही, उपनगरातली उतरते. इथे ‘मदर्स डे’ला, म्हणजे मेच्या दुसऱ्या रविवारी, रोपं लावायची पद्धत आहे. पण तो रविवार ८ तारखेला येतो तसा १४ लाही येतो. उपनगरात असाल तर मी १५ मेच्या आधी टोमॅटो उघड्यावर लावायला सांगणार नाही. २० मे धरलीत तर आणखी बरं.

तीन आकडे असे:

५० अंश (१० सेल्सिअस): रात्रीचं किमान तापमान याच्या खाली जात असेल तर टोमॅटो मरत नाही, पण वाढत नाही आणि हळूहळू खंगतो. सलग ५–६ रात्री ५० च्या वर दिसल्याशिवाय लावणी नको.

६० अंश (साधारण १६ सेल्सिअस): हे मातीचं तापमान. मांस शिजलं का ते बघायचा टोकदार थर्मामीटर किंवा मातीसाठी मिळणारा स्वस्तातला थर्मामीटर चार इंच खोल खुपसा. सकाळी मोजा, दुपारी वरची माती फसवते.

३६ अंश (२ सेल्सिअस): रात्रीच्या अंदाजात हा किंवा याहून कमी आकडा दिसला की पांघरूण घालायचंच.

शून्य सेल्सिअस म्हणजे ३२ अंश, मग ३६ ला घाबरायचं कशाला, असं बरेच जण विचारतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या असतात. तेव्हा गावातला पारा शून्याच्या बराच वर असतो, तरी तलावाकाठच्या गवतावर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर दिसतो. आभाळ निरभ्र असलं, वारा पडलेला असला की जमीन आणि पानं आपली ऊब सरळ आकाशात सोडतात, आणि जड झालेली थंड हवा सखल जागी साचते. हवामान केंद्राचा थर्मामीटर जमिनीपासून पाच-सहा फुटांवर असतो. तुमचं रोप सहा इंचांवर. त्या दोन्ही ठिकाणच्या तापमानात चार-पाच अंशांचा फरक सहज पडतो. ‘नॅशनल वेदर सर्व्हिस’ हे अमेरिकेचं सरकारी हवामान खातंही ३३ ते ३६ अंशांच्या अंदाजाला ‘फ्रॉस्ट अ‍ॅडव्हायझरी’, म्हणजे दव गोठण्याची सूचना, देतं ते याचसाठी. ३२ किंवा त्याहून कमी असेल तर ‘फ्रीझ वॉर्निंग’ येते.

तपासा: एक साधा थर्मामीटर वाफ्याजवळ, जमिनीलगत ठेवा. आठवडाभर रोज सकाळी त्यावरचा किमान आकडा आणि अंदाजातला आकडा शेजारी शेजारी लिहा. तुमचं अंगण अंदाजापेक्षा किती अंशांनी थंड आहे ते कळेल. हा फरक एकदा माहीत झाला की पुढची सगळी वर्षं उपयोगी पडतो.

टप्पा २: लावणीच्या तारखेपासून उलटं मोजून बी पेरा

टोमॅटोचं बी लावणीच्या ६ ते ८ आठवडे आधी पेरायचं. २० मे धरली तर ७ आठवडे आधी म्हणजे १ एप्रिल. फेब्रुवारीत उत्साहाने पेरलेली रोपं एप्रिलच्या शेवटी दीड फूट उंच होतात, खिडकीत मावत नाहीत, आणि मग ‘आता बाहेर लावावीच लागतील’ म्हणून थंडीत जातात. मेमधल्या निम्म्या चुकांचं मूळ फेब्रुवारीच्या पेरणीत असतं.

मिरची आणि वांगी सावकाश वाढतात, त्यांना ८ ते १० आठवडे लागतात. पण ती टोमॅटोपेक्षाही नाजूक असल्याने बाहेर आठवडा-दोन आठवडे उशिरा जातात. उलट मेथी आणि कोथिंबीर यांना गारवा चालतो; त्या एप्रिलमध्ये थेट वाफ्यात पेरा. हात शिवशिवत असतील तर मेथी पेरावी, टोमॅटोला थांबू द्यावं.

टप्पा ३: घरातलं रोप बुटकं आणि दणकट वाढवा

बी उगवेपर्यंत कपातलं मातीचं मिश्रण ७० ते ८० अंश उबदार हवं. हीट मॅट (ट्रेखाली ठेवायची विजेची तापणारी चटई) असेल तर वापरा. बी उगवलं की मॅट काढा. नंतर खालून ऊब आणि वरून अपुरा उजेड मिळाला तर रोप किडकिडीत, लांबट होतं आणि बाहेरच्या पहिल्याच वाऱ्यात मान टाकतं. दिव्याखाली १४ ते १६ तास उजेड द्या, दिवा पानांपासून तीन-चार इंचांवर ठेवा आणि रोप वाढेल तसा वर उचला. नुसत्या खिडकीच्या उजेडावर मार्चमध्ये भागत नाही.

पाणी ट्रेमध्ये ओतून खालून द्या, वरचा थर सुकल्यावरच. सतत ओल्या मिश्रणात मर लागते: खोड मातीलगत बारीक होतं, रोप आडवं पडतं, आणि ते परत उठत नाही. एक छोटा पंखा हलकेच फिरत ठेवला तर मरही कमी होते आणि खोडंही जाडसर होतात.

खरी पानं (उगवताना दिसणाऱ्या पहिल्या दोन साध्या पानांनंतरची) आली की एका कपात एकच रोप ठेवा. आणि हवी आहेत त्यापेक्षा चार रोपं जास्त वाढवा. ती चार कशासाठी, ते शेवटच्या टप्प्यात येईल.

टप्पा ४: रोपांना बाहेरची सवय लावा

सगळ्यात जास्त रोपं इथे जातात, आणि दोष थंडीला मिळतो. घरातल्या दिव्याखाली वाढलेल्या पानाने खरं ऊन पाहिलेलं नसतं, खोडाने वारा पाहिलेला नसतो. त्यांना ८ ते १० दिवस द्यावेच लागतात. दुकानातल्या रोपांनाही, काचघरातून आलेलं रोप ट्रॉलीवर बाहेर मांडलेलं होतं म्हणून ते सरावलेलं असतं असं नाही.

पहिले दोन दिवस: दुपारी तासभर, पूर्ण सावलीत, वारा न लागणाऱ्या कोपऱ्यात. मग आत.

तिसरा-चौथा दिवस: दोन-तीन तास, त्यात सकाळचं कोवळं ऊन अर्धा तास.

पाचवा-सहावा दिवस: चार-पाच तास, ऊन दोन तासांपर्यंत. वारा थोडा लागू द्या.

सातवा-आठवा दिवस: सकाळपासून संध्याकाळपर्यंत बाहेर. दुपारच्या कडक उन्हावर नजर ठेवा.

नववा-दहावा दिवस: रात्रही बाहेर, पण किमान ५० च्या वर असेल तरच. नसेल तर गॅरेजमध्ये घ्या आणि दिवस पुढे ढकला.

या काळात पाणी थोडं ताणा, मिश्रणाचा वरचा थर सुकू द्या, पण पानं मलूल होईपर्यंत थांबू नका. खत बंद. नत्र मिळालं की मऊ, लुसलुशीत पालवी फुटते आणि गारठा आधी तिलाच मारतो.

नोकरी करणाऱ्यांची अडचण मला ठाऊक आहे: दुपारी दोन तास रोपं बाहेर ठेवायला घरी कोण असतं? अशांनी शनिवारी सुरुवात करावी. सोमवारपासून ट्रे घराच्या उत्तरेकडच्या सावलीत ठेवून कामाला जावं आणि संध्याकाळी आत घ्यावा. सावलीतला पूर्ण दिवस उन्हातल्या एका तासापेक्षा सुरक्षित असतो.

सावध: या आठवड्यात पानांवर पांढरे, कागदासारखे चट्टे पडले तर तो उन्हाचा चटका आहे. दव गोठल्याने मार बसलेलं पान वेगळं दिसतं: आधी उकडल्यासारखं ओलसर, गडद हिरवं, मग काळं. पानाची खालची बाजू जांभळी पडली तर मुळं थंड आहेत, त्यांना स्फुरद उचलता येत नाही. त्यावर लोक खताचा मारा करतात. मातीत स्फुरद बहुधा असतंच. माती तापली की रंग आपोआप परततो.

टप्पा ५: रोपाआधी माती तापवा

लावणीच्या दोन आठवडे आधी वाफ्यावरचं पेंढ्याचं किंवा पाल्याचं आच्छादन बाजूला ओढा. ते सूर्याची ऊब मातीपर्यंत पोहोचू देत नाही. माती ओलवून त्यावर काळं प्लास्टिक घट्ट ताणून बसवा, कडा मातीत दाबा. प्लास्टिक मातीला चिकटून असलं तरच ऊब खाली जाते, मधे हवा राहिली तर उपयोग कमी. उंच वाफे तसेही लवकर तापतात.

जागा निवडता येत असेल तर दक्षिणेकडच्या विटांच्या भिंतीलगतची घ्या. दिवसा तापलेली भिंत रात्री ऊब सोडते. अंगणाचा उतार जिथे संपतो तो खोलगट कोपरा मात्र टाळा, थंड हवा तिथेच येऊन बसते.

तपासा: सलग तीन सकाळी चार इंचांवर ६० अंश मिळाले का? नसतील तर पुढे जाऊ नका. ५२ अंशांच्या मातीत १० मेला लावलेलं रोप आणि ६५ अंशांच्या मातीत २५ मेला लावलेलं रोप यांत जूनअखेर दुसरंच पुढे गेलेलं मी अनेकदा पाहिलं आहे.

टप्पा ६: लावणी

ढगाळ दिवस किंवा संध्याकाळ निवडा. टोमॅटोच्या खोडाला मातीत मुळं फुटतात म्हणून तो खोल लावतात हे सगळ्यांना माहीत आहे. पण थंड प्रदेशात खोल खड्डा म्हणजे थंड माती. त्याऐवजी चार इंच खोल चर काढा, खालची पानं खुडून रोप आडवं निजवा आणि शेंडा हळूच वर वळवून माती ओढा. खोड वरच्या उबदार थरात राहतं. शेंडा एक-दोन दिवसांत आपोआप सरळ होतो. मुळं कुठल्या दिशेला आहेत तिथे काडी रोवून ठेवा, नाहीतर नंतर आधाराची काठी ठोकताना तीच तुटतात.

पांघरुणाच्या कमानी त्याच दिवशी रोवा. अर्ध्या इंचाचा पीव्हीसी पाइप किंवा जाड तार चालते. रोपाच्या शेंड्यापेक्षा कमान सहा इंच उंच हवी. इशारा आल्यावर अंधारात मोबाइलच्या उजेडात कमानी रोवायची वेळ आणू नका. कापड, विटा, चिमटे हे सगळं एका टोपलीत भरून वाफ्याजवळ ठेवा.

टप्पा ७: गारठ्याच्या रात्रीची तयारी

रोप स्वतः ऊब तयार करत नाही, म्हणून पांघरूण त्याला आपल्यासारखं गरम करत नाही. दिवसभर जमिनीने साठवलेली ऊब रात्री वर येते. पांघरूण ती अडवून धरतं. हे कळलं की पुढची प्रत्येक कृती कशासाठी आहे ते सांगावं लागत नाही.

दुपारी १ ते ३: मातीला पाणी द्या. ओली माती कोरड्या मातीपेक्षा जास्त ऊब साठवते आणि ती वर सोडतेही. पाणी मुळाशी द्या, पानं भिजवू नका. पेंढा असेल तर रोपाभोवतीचा बाजूला करा, नाहीतर जमिनीची ऊब त्याच्याखालीच अडकेल.

दुपारी ४ नंतर: कुंड्या आत घ्या. जमिनीतल्या रोपापेक्षा कुंडीतलं रोप आधी गारठतं, कारण मुळांना चारही बाजूंनी थंडी लागते. गॅरेज पुरेसं आहे. बाल्कनीत कुंड्या ठेवणाऱ्यांचं काम इथेच संपतं, पुढचं वाफेवाल्यांसाठी.

सूर्यास्ताच्या तासभर आधी: पांघरूण घाला. रात्री दहाला घातलं तर तोवर जमिनीतली बरीच ऊब निघून गेलेली असते, आणि तुम्ही उरलेली अडवता. कापड कमानीवरून थेट जमिनीपर्यंत सोडा आणि कडा विटांनी, लाकडी पट्ट्यांनी सगळीकडून दाबा. एक बाजू उघडी राहिली तर सगळी मेहनत वाया जाते.

सावध: कापड रोपाच्या खोडाभोवती गुंडाळून गाठोड्यासारखं बांधू नका. ही चूक मी सर्वांत जास्त बघते. बांधलेल्या पांघरुणात जमिनीची ऊब शिरतच नाही, ती बाहेरून निघून जाते. पांघरूण घागऱ्यासारखं खाली पसरलेलं हवं.

काय पांघरायचं? क्रॉप कव्हर किंवा फ्रॉस्ट क्लॉथ (पिकं झाकायला मिळणारं खास कापड) उत्तम. दर चौरस यार्डाला अर्धा औंस वजनाचं पातळ कापड जेमतेम दोन अंश वाचवतं, दीड औंसाचं जाड कापड साधारण चार ते आठ अंश. विकत घेताना वजन वाचा. बहुतेक जण कीड रोखायचं पातळ कापड घेऊन येतात. घरातल्या जुन्या चादरी चालतात. जुनी सुती साडीही चांगलं काम करते, मात्र दुहेरी करून. गोधडी वजनदार असते. भक्कम कमान नसेल तर रोप मोडेल. आणि कुठलंही कापड पानाला टेकू देऊ नका: दवाने भिजून ते गोठलं की टेकलेल्या जागी पान जळतं. प्लास्टिकच्या बाबतीत हे दुप्पट खरं. प्लास्टिक वापरायचंच तर कापडाच्या वरून, पाऊस अडवण्यापुरतं.

एक-दोनच रोपं असतील तर एक गॅलनची दुधाची बाटली बूड कापून रोपावर ठेवा आणि मातीत दोन इंच रुतवा. रात्री झाकण लावायचं. याहून भक्कम उपाय म्हणजे पाण्याच्या उभ्या नळ्यांचं वर्तुळाकार कुंपण, ‘वॉल ओ वॉटर’ नावाने मिळतं ते. दिवसा पाणी तापतं. रात्री ते गोठायला लागलं तरी एका ग्रॅममागे ८० कॅलरी ऊब सोडतं, आणि ती ऊब रोपाला मिळते. ज्यांना १५ मेची वाट बघवतच नाही त्यांनी यावर पैसे खर्च करावेत. पण माती ६० अंशांची हवी ही अट तिथेही सुटत नाही.

पारा २८ अंशांपर्यंत उतरणार असेल तर नुसतं कापड कमी पडू शकतं. कापडाखाली गरम पाण्याचे बंद कॅन ठेवा, किंवा जुन्या काळचे तापणारे बारीक दिवे. एलईडीच्या माळा पुरेशा तापत नाहीत, त्यांचा उपयोग नाही. दिवे आणि वायर बाहेर वापरायच्याच हव्यात, आणि दिवा कापडाला टेकता कामा नये; आग लागते.

ज्या रात्री जोराचा थंड वारा आहे, त्या रात्रीचं गणित निराळं. वारा जमिनीची ऊब पांघरुणाखालूनही ओढून नेतो. तेव्हा कापड दुहेरी करा, कडांवर दुप्पट वजन ठेवा.

शेतकरी पहाटे तुषार सिंचन लावतात असं वाचून काही जण रात्री पानांवर पाणी मारतात. ते सिंचन बर्फ वितळेपर्यंत अखंड चालवावं लागतं. मधेच थांबलं तर न मारलेलं बरं, असं नुकसान होतं. घरच्या नळीने हे करू नका.

टप्पा ८: दुसऱ्या दिवशी सकाळी

सर्वांत थंड वेळ सूर्योदयाच्या आसपासची असते, मध्यरात्रीची नाही. म्हणून सहा वाजता उत्सुकतेने कापड उचलून बघू नका. बाहेर ४० च्या वर गेलं की पांघरूण काढा. काढायला विसरूही नका: ऊन चढलं की बंद बाटलीत किंवा प्लास्टिकखाली थोड्याच वेळात पानं उकडतात. कामावर लवकर निघत असाल तर बाटलीचं झाकण उघडून आणि कापडाची एक बाजू वर करून निघा.

ओलं कापड वाळवून त्याच टोपलीत परत. निरभ्र आकाश टिकलं तर दुसरी रात्रही तशीच जाते, आणि पहिली रात्र वाचवलेली रोपं लोक दुसऱ्या रात्री गमावतात.

तुळस, कढीपत्ता आणि वांगी-मिरचीबद्दल

तुळशीला टोमॅटोपेक्षा गारठा लवकर बाधतो. ५० च्या खाली एक रात्र गेली तरी पानं काळवंडतात. कढीपत्त्याची कुंडीही रात्री ५० च्या वर टिकल्याशिवाय बाहेर नेऊ नका, आणि वर दिलेली दहा दिवसांची सवय तिलाही हवी. हिवाळाभर खिडकीत राहिलेली पानं पहिल्या उन्हात करपतात. वांगी, मिरचीला रात्री ५५ च्या वर हवं. भेंडी, गवार तर माती ६५ ते ७० अंशांवर गेल्यावरच पेरा, थंड मातीत बी कुजतं.

टप्पा ९: तरीही रोपाला गारठा बाधला तर

त्याच दिवशी कात्री हातात घेऊ नका. काळी पानं ओंगळ दिसतात, पण तीच खालच्या भागावर थोडं आवरण धरतात, आणि कुठवर जीव आहे ते पहिल्या दिवशी कळत नाही. पाच ते सात दिवस थांबा. पाणी बेताचं, खत अजिबात नाही.

मग खोडावर नखाने हलकेच खरवडा. आत हिरवं असेल तर पानांच्या बगलेतून नवी फूट येऊ शकते. मेलेला भाग त्या फुटीच्या वर छाटा आणि एक जोमदार फूट ठेवून तिलाच मुख्य खोड करा. खोड मातीपर्यंत तपकिरी, मऊ झालं असेल तर रोप गेलं. ते उपटा आणि टप्पा ३ मध्ये जास्तीची वाढवलेली चार रोपं कामाला आणा. उशीर झाला म्हणून हताश होऊ नका. १० जूनला लावलेलं ६५ दिवसांचं वाण ऑगस्टच्या मध्याला पिकायला लागतं आणि ऑक्टोबरच्या गारठ्यापर्यंत फळ देतं. जून उजाडल्यावर रोप विकत घ्यायचं असेल तर वाणाच्या पाटीवर ६० ते ७० दिवस लिहिलेलं घ्या. मोठ्या फळांची ८५ दिवसांची वाणं तेवढ्या हंगामात पुरेशी पिकत नाहीत.